लेगो रेल्वे : रूळ, वीज आणि मापं

विजेचे टप्पे
डेन्मार्कमधील बिलुंड इथे 1932 साली लेगो कंपनी सुरू झाली. आजच्या ठोकळ्याचं पेटंट 1958 चं, पहिली रेल्वे 1966 ची.

• 1966 : 4.5 व्होल्ट. बॅटरी गाडीतच, रूळ निळे.
• 1969 : 12 व्होल्ट. घरातल्या विजेवर ट्रान्सफॉर्मर. रुळांमध्ये वीजवाहक पट्ट्या.
• 1980 : रूळ करडे. सांधे आणि सिग्नल दुरून चालवण्याची सोय.
• 1991 : 9 व्होल्ट. वीज थेट धातूच्या रुळांतून. गाडीत बॅटरी नाही.
• 2006 : प्लॅस्टिकचे रूळ, गाडीत बॅटरी, इन्फ्रारेड रिमोट.
• 2018 : ‘पॉवर्ड अप’. ब्लूटूथ, रिमोट किंवा मोबाइल.

मापं
• ठोकळ्यावरच्या दोन खुंट्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर.
• सरळ रुळाचा तुकडा 16 खुंट्यांचा, म्हणजे 12.8 सेंटिमीटर.
• नेहमीच्या 16 वक्र तुकड्यांचं एक वर्तुळ. व्यास सुमारे 64 सेंटिमीटर.
• डब्यांची रुंदी बहुधा 6 खुंट्या. हौशी मंडळी स्वतःच्या रचनेत 8 खुंट्यांचे डबेही बांधतात.

फरक
• बॅटरीवरची आधुनिक गाडी 9 व्होल्टच्या धातूच्या रुळांवर धावते. 9 व्होल्टचं इंजिन प्लॅस्टिकच्या रुळांवर चालत नाही.
• धातूच्या रुळांवर गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर उलट दिशेने आणली, तर शॉर्टसर्किट होतं. प्लॅस्टिकच्या रुळांवर ही अडचण नाही.

शब्द
• एफॉल : लेगोची प्रौढ चाहती व्यक्ती.
• मॉक : संचाबाहेरची, स्वतः रचलेली प्रतिकृती.

संग्राह्य संच
‘एमराल्ड नाइट’ (2009), ‘क्रोकोडाइल’ (2020), ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ (2023). तिन्ही मोटरीशिवाय विक्रीला आले.