राखेंतील ठसे

अनेक वर्षांच्या परिश्रमांचें फळ एका रात्रींत नाहींसें झालें, तर माणसानें काय करावें? ख्रिस्ती श्रद्धेनें या प्रश्नास दिलेलें उत्तर विल्यम केरी यांच्या चरित्रांत कृतिरूपानें पाहावयास मिळतें.

केरी १७९३ सालीं बंगालमध्यें आले. पुढल्याच वर्षीं त्यांचा लहानगा मुलगा दगावला. त्यानंतर पत्नीचें चित्त कायमचें भ्रमलें. पहिल्या हिंदु माणसाचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून झाला, तो १८०० च्या अखेरीस. तरी काम थांबलें नाहीं. कलकत्त्याजवळील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांतून १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण व १८१० सालीं मोडी टाइपांतील मराठी कोश निघाला. या कामीं वैजनाथ पंडितांचें त्यांस साहाय्य होतें.

११ मार्च १८१२ रोजीं हाच छापखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. टाइप वितळले, कागद जळाला, अनेक भाषांच्या तुलनात्मक कोशाचें हस्तलिखितही गेलें. परंतु ढिगाऱ्यांत टाइप पाडण्याचे पोलादी ठसे शाबूत सांपडले! सहकाऱ्यांनीं लागलीच नवे टाइप ओतावयास घेतले; केरींनीं पुनश्च लेखणी उचलली. तो बहुभाषी कोश मात्र कधींच पुरा झाला नाहीं.

तेव्हां धीर धरणें म्हणजे गेलेलें सारें परत मिळेल, अशी खात्री बाळगणें नव्हे. कार्य देवाचें, फळही त्याच्याच स्वाधीन; आपल्या वांट्यास आजचा उद्योग, एवढेंच ही श्रद्धा सांगते. म्हणून निराशेच्या प्रसंगीं गेलेल्याची मोजदाद थोडी बाजूस ठेवावी, आणि उरलेले ठसे शोधावयास लागावें.