दूरच्या वाटा – लेखांक ७ : तीन विमानांची कंपनी

गेल्या आठवड्यात आपण हर्णेच्या किनाऱ्यावरून पडावात बसलो, खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीची शिडी चढलो आणि बंदरं घेत घेत मुंबईला उतरलो. आज तिथून पुढे, थेट लंडनपर्यंत जायचं आहे. वाहन बदललं तरी रीत तीच आहे: एका दमात जाता येत नाही, म्हणून थांबे घ्यायचे.

मुंबईच्या विमानांची सुरुवातही समुद्रकाठचीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका इंजिनाच्या 'पुस मॉथ' विमानातून जुहूला उतरले. जुहूचा तळ म्हणजे भरतीच्या पाण्याशेजारची चिखलवट जमीन. पावसाळ्यात ती बुडाली की सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. पाऊस लागला की आगबोटी बंद होणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

टाटांची ही टपालसेवा वाढत गेली आणि जुलै १९४६ मध्ये 'एअर इंडिया' नावाची सार्वजनिक कंपनी झाली. परदेशी जाण्यासाठी मात्र मार्च १९४८ मध्ये 'एअर इंडिया इंटरनॅशनल' ही वेगळी कंपनी काढली गेली. ४९ टक्के भाग सरकारचा, २५ टक्के टाटांचा, उरलेला लोकांचा. मंगळवार, ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. आठवड्याला एकच फेरी. ताफ्यात लॉकहीड कंपनीची तीन 'कॉन्स्टेलेशन' विमानं: मलबार, राजपूत आणि मुघल प्रिन्सेस. स्वातंत्र्याला वर्षही झालेलं नसताना केलेलं हे धाडस मला आजही फार मोठं वाटतं.

एवढ्या छोट्या कंपनीचं गणित नीट पाहण्यासारखं आहे. मुंबई ते लंडन सुमारे आठ हजार किलोमीटर. चार पंख्यांचं हे विमान ताशी पाचशेच्या आतबाहेर जाई. एकट्या कैरोपर्यंतच नऊ-दहा तास लागत. इंधन जास्त भरावं तर तेवढे प्रवासी आणि सामान कमी करावं लागे, म्हणून वाटेत उतरून टाक्या भरणंच परवडे. फेरी आठवड्याला एक, मग विमानं तीन कशाला? एक वाटेवर असताना दुसरं तयार हवं, आणि तिसऱ्याची इंजिनं खोललेली असतात. त्या इंजिनांना अठरा-अठरा सिलिंडर. ठरावीक तास उडाली की ती उतरवून तपासायलाच लागत.

खरा खर्च थांब्यांवर असतो. विमान बिघडलं तर सुटा भाग मुंबईच्या कोठारात असून उपयोग नाही. तो कैरोत हवा, जिनिव्हात हवा. माणसांचंही तेच. इतका लांब पल्ला एकाच तुकडीला झेपत नाही, ती मध्ये बदलावी लागते. रोज फेऱ्या असलेल्या कंपनीची उतरलेली माणसं दुसऱ्या दिवशीच्या विमानावर चढतात. आठवड्याला एकच फेरी असली तर ती परमुलखात पगारावर बसून राहतात. फेऱ्या वाढवल्याशिवाय हा खर्च उतरत नाही, आणि विमानं वाढवल्याशिवाय फेऱ्या वाढत नाहीत.

या विमानात वैमानिकांबरोबर इंजिन सांभाळणारा इंजिनिअर, रेडिओवाला आणि दिशादर्शक असे. दिशादर्शकाचं काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. छताला काचेचा घुमट होता. त्यातून सेक्स्टंट लावून तो तारा धरी, त्याची उंची मोजी आणि आपण कुठे आहोत ते नकाशावर मांडी. खाली अरबी समुद्राचा किंवा वाळवंटाचा अंधार. आपल्या तांडेलांच्या कैक पिढ्यांनी याच ताऱ्यांवर मचवे हाकले आहेत.

जानेवारी १९५० मध्ये एडनमार्गे नैरोबीची वाट सुरू झाली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाकडे उतरू लागलं असताना खराब हवेत आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी, कुणीही वाचलं नाही. शोधाला निघालेला शामोनीचा वाटाड्या रेने पायो याचाही बर्फात जीव गेला. प्रवाशांत बहुतेक हिंदी खलाशी होते, इंग्लंडला बोटीवर रुजू व्हायला निघालेले. रत्नागिरी जिल्ह्यानं मुंबईच्या जहाजांना किती खलाशी दिले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे, त्यामुळे ही बातमी वाचताना माझा हात थांबतो. समुद्रावर कामाला जाणारी माणसं समुद्रापर्यंत पोचलीच नाहीत.

कंपनी थांबली नाही. नवी विमानं आली, त्यांत एक 'मराठा प्रिन्सेस'ही होतं. १९५३ च्या ऑगस्टमध्ये कंपनी सरकारी झाली, पण अध्यक्षपदी जे. आर. डी. राहिले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमानं आली, आणि दोन वर्षांत पंख्यांची विमानं ताफ्यातून गेली. जेटनं थांब्यांचं काय केलं आणि घुमटाखालचा दिशादर्शक कुठे गेला, ते पुढच्या आठवड्यात.