कढीपत्त्यावरची अळी आणि आयनॅचरलिस्ट

शिक्षक मंडळींनो, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की चार अंगठे येतात आणि विषय संपतो. तोच फोटो आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकून बघा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून २००८ साली हे सुरू झालं. फुकट आहे.

आमच्या शाळेतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट वाटावी अशी तपकिरी-पांढरी अळी होती. "सर, घाण आहे ती!" म्हणेपर्यंत ती हलली. फोटो, तारीख, ठिकाण नोंदवलं. तिथे एकजण म्हणाला लिंबाळी, दुसरा म्हणाला बहुरूपी. दोन्ही फुलपाखरं लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात आणि कोवळ्या अळ्या अगदी सारख्या दिसतात. मग काय, पोरं रोज अळीवर पाळत ठेवून! कात टाकत ती मोठी झाली, हिरवीगार झाली, तेव्हा कुठे बहुरूपीवर एकमत झालं.

मला आवडतं ते हेच. किमान दोघांचं जुळलं आणि दोनतृतीयांशांहून जास्त मतं एका बाजूला पडली, तरच नोंद 'रिसर्च ग्रेड' (संशोधनयोग्य) होते. सर म्हणाले म्हणून खरं, असं तिथे चालत नाही. (बरंच आहे.)

मुलांची खाती काढू नका. नोंदी स्वतःच्या खात्यावरून करा. मुलांचे चेहरे फोटोत नकोत, शाळेचं नेमकं ठिकाण 'अस्पष्ट' ठेवा. कुंडीतली झाडं 'लावलेली' म्हणूनच नोंदवा.

तुमच्या शाळेच्या आवारात काय सापडलं, ते फोटोसकट खाली टाका.