व्हिडिओ अडतोय? आधी त्याला मोकळा करा!

समजा, दसरा होऊन गेलाय. गावात टोळीचा ट्रक भरायला लागलाय. गोधड्या, भांडी, चुलीचं सामान, एखादी शेळी, सगळं वर चढतंय. तुम्हाला कॉलेजच्या डॉक्युमेंटरी स्पर्धेसाठी काहीतरी करायचंय, म्हणून तुम्ही शेजारच्या मावशींना गाठता. कुणी मित्राचा कॅमेरा आणतो, कुणी आपला फोन लावतो. मावशी ट्रकला टेकून तासभर बोलतात. उचल किती घेतली, लेकराला कुणाकडे ठेवलं, फडात पहाटे किती वाजता उठावं लागतं, सगळं. ट्रक निघतो. तुम्ही खूश. ‘भावा, भारी मटेरियल मिळालं!’

रात्री लॅपटॉप उघडता. फुटेज एडिटिंगला टाकता, प्ले दाबता आणि चित्र थिजतं. आवाज पुढे पळतो, मावशींचे ओठ मागे राहतात. कट मारायला जावं तर गोल चकरी फिरत बसते. पंख्याचा आवाज एवढा वाढतो की घरचे विचारतात, ‘काय रे, काय पेटलं?’ तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर बंद पडल्यावर तुम्ही ठरवता, जाऊ दे, नवा लॅपटॉप येईल तेव्हा बघू.

थांबा. नव्या लॅपटॉपची गरज असेलच असं नाही. आणि ‘पुन्हा शूट करू’ हा पर्याय तर नाहीच. मावशी आता थेट मार्च-एप्रिलमध्ये परतणार. तेव्हा त्या बोलतील, पण ट्रकजवळचं ते बोलणं पुन्हा होणार नाही. म्हणून हातात आहे ते फुटेज कसं वाचवायचं, ते बघू.

मुकादमाची वही आठवा

तुमच्या फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात जो एचडी व्हिडिओ तयार होतो, तो बहुतेक वेळा एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबून भरलेला असतो. एच.२६४ आलं २००३ मध्ये, एच.२६५ दहा वर्षांनी, २०१३ मध्ये. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये हँडीकॅमसाठी आणलेला एव्हीसीएचडी हा प्रकारही आतून एच.२६४च. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडचे जुने कॅमेरे बऱ्याचदा याच प्रकारातले असतात.

दाबून भरतात म्हणजे काय? अशी एक वही डोळ्यासमोर आणा. पहिल्या ओळीत सगळं नीट लिहिलंय: नाव, गाव, तारीख, रक्कम. खालच्या ओळींत मात्र जे बदललं तेवढंच, बाकी ठिकाणी ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा. वही लहान राहते, शाई वाचते. पण बाराव्या ओळीतल्या माणसाचं गाव कोणतं, असं कुणी मधूनच विचारलं तर? वर वर सरकत पहिल्या ओळीपर्यंत जावं लागतं.

तुमचा व्हिडिओ तसाच आहे. एका सेकंदात २५ किंवा ३० चित्रं असतात. त्यातलं अधूनमधून एखादंच पूर्ण साठवलेलं. बाकीच्यांत फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढीच नोंद. काही चित्रं तर मागच्या आणि पुढच्या, दोन्हीकडच्या चित्रांवर टेकून उभी असतात. सरळ बघत गेलं तर काही अडचण नाही. फोनच्या चिपमध्ये हे उलगडण्याची वेगळी सोय असते, म्हणून तिथे व्हिडिओ लोण्यासारखा चालतो. पण एडिटिंग म्हणजे सरळ बघणं नव्हे. तुम्ही मधे उडी मारता, उलटं जाता, एक चित्र इकडे-तिकडे सरकता. दर उडीला बिचारा लॅपटॉप वहीत वर जातो आणि हिशेब जुळवत खाली येतो. चकरी फिरते ती त्यामुळे.

मग इलाज काय?

इलाज सोपा आहे. वहीतली प्रत्येक ओळ पूर्ण लिहून काढायची. म्हणजे ज्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र, पूर्ण साठवलेलं असतं, अशा प्रकारात व्हिडिओ बदलून घ्यायचा. यासाठी दोन नावं लक्षात ठेवा. एक, अॅव्हिड कंपनीचं डीएनएक्सएचडी, २००४ मधलं. त्याचा पुढचा भाऊ डीएनएक्सएचआर. दुसरं, अॅपलचं प्रोरेस, २००७ मधलं. विंडोजवर काम करत असाल तर डीएनएक्सएचआर घ्या, मॅकवर असाल तर प्रोरेस. कामाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

आता याची किंमत. ती पैशात नाही, जागेत मोजायची. एव्हीसीएचडीचं फुटेज सेकंदाला साधारण २४ मेगाबिटचं असतं, म्हणजे तासाला ११ जीबीच्या आसपास. तेच १०८०पी, २५ फ्रेमचं फुटेज प्रोरेस ४२२ मध्ये बदललं की सेकंदाला १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. पाचपट! ‘एवढी जागा आणू कुठून?’ असं तुम्ही म्हणणार, म्हणून दुसरी वाट.

ती वाट म्हणजे प्रॉक्सी. मूळ फुटेज तसंच ठेवायचं आणि त्याची हलकी, एडिटिंगला सोपी नक्कल बनवायची. प्रोरेस प्रॉक्सी तासाला १७ जीबीच्या आसपास बसतं, चित्राचा आकार निम्मा केला तर आणखी कमी. कापाकापी सगळी नकलेवर करायची. शेवटी सॉफ्टवेअर तेच कट मूळ फुटेजवर लावून फायनल फिल्म काढतं. ही काही नवी युक्ती नाही. फिल्मच्या रिळांच्या काळात एडिटर निगेटिव्हला हात लावत नसत. त्याची एक प्रिंट काढून तिच्यावर कात्री चालवायचे, सगळं पक्कं झालं की मगच निगेटिव्ह कापली जायची. नकलेवर चुका करा, अस्सल जपून ठेवा, एवढंच.

हाताने करून बघा

• डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरत असाल, तर मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट क्लिक करा. ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ किंवा ‘जनरेट ऑप्टिमाइझ्ड मीडिया’ असे पर्याय दिसतील. प्रीमियर प्रो आणि मोफत मिळणारं केडेनलाइव्ह यांतही प्रॉक्सीची सोय आहे.

• सॉफ्टवेअरच्या बाहेर बदलायचं असेल तर शटर एन्कोडर हे मोफत अॅप घ्या. फाइली ओढून टाका, फंक्शनच्या यादीतून डीएनएक्सएचआर निवडा, दर्जा ‘एसक्यू’ ठेवा आणि सुरू करा. पोटात जे इंजिन आहे, ते एफएफएमपेग, तेही मोफतच.

• आधी एकच छोटी क्लिप बदलून बघा. चित्र, आवाज, वेग ठीक आहे ना? मगच सगळ्या रांगेला लावा. बदल व्हायला वेळ लागतो, म्हणून जेवायला जाताना किंवा झोपताना लावा. लॅपटॉप चार्जरला असू द्या आणि लाईट कधी जाते, त्याचा अंदाज घेऊनच बसा.

आणि एक खरं सांगायचं तर, तुमचा लॅपटॉप मूळ फुटेज सुरळीत चालवत असेल तर यातलं काहीही करू नका. उगाच जागा कशाला खायची?

इथे हमखास पाय घसरतो

पहिला गैरसमज: फॉरमॅट बदलला की क्वालिटी वाढते. अजिबात नाही. फोनने जे टिपलं नाही, ते पाचपट मोठ्या फाइलमध्येही येणार नाही. फायदा एवढाच की काम हलकं होतं आणि पुढे पुन्हा पुन्हा सेव्ह करताना चित्र फारसं झिजत नाही.

दुसरी गोष्ट फोनवाल्यांसाठी. कॅमेरा सहसा ठरलेल्या वेगाने चित्रं टिपतो, पण फोन प्रकाश बघून वेग बदलतो. कधी सेकंदाला ३०, कधी २७. मग सुरुवातीला ओठ-आवाज जुळतात आणि दहा मिनिटांनी फाटतात. म्हणून बदलताना फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’ करा. हँडब्रेक या मोफत अॅपमध्ये हा पर्याय सरळ दिसतो. पण हँडब्रेक परत दाबलेलीच फाइल देतं, हे ध्यानात ठेवा. ते वेग सुधारायला चांगलं, एडिटिंगची फाइल करायला नाही.

तिसरं, एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या कार्डातून फक्त एमटीएस फाइली उचलू नका. अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. लांब शॉट कार्डावर तुकड्यांत साठवलेला असतो, आणि ते तुकडे कुठे जोडायचे याची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत असते. फोल्डर मोडलं की जोडावर आवाज तुटू शकतो. हललेल्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. ते ५०आय म्हणजे इंटरलेस्ड फुटेज आहे. बदलताना ‘डीइंटरलेस’ चालू करा.

चौथं आणि सगळ्यात महागात पडणारं: फुटेज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका. ते वाटेत पिळून निघतं आणि तो रस परत उसात जात नाही. केबलने घ्या, पेन ड्राइव्हने घ्या.

पुढच्या शूटसाठी एक सोपी खबरदारी. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही एच.२६५ बंद करता येतं. स्पर्धा १०८०पीची असेल तर फोर-केचा हट्टही सोडा. अर्धं दुखणं तिथेच संपेल.

माजलगावचा आवाज टिकला, कारण…

‘एवढी उठाठेव कशाला? एक स्पर्धा तर आहे,’ असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या याच कामात ध्वनिमुद्रित झाल्या. तेव्हा काम टेपवर चालायचं. आज तुमच्या वर्गातल्या किती जणांकडे टेप वाजवायचं यंत्र आहे? तरीही तो आवाज आज ऐकता येतो. कारण मूळ मुद्रण जपलं गेलं, कोण गातंय, कुठलं गाव, हे लिहून ठेवलं गेलं, आणि काळ बदलला तसं ते नव्या रूपात आणलं गेलं. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संग्रहात तो ठेवा आता सगळ्यांसाठी खुला आहे. पारीची माणसं पुढे कॅमेरा घेऊन माजलगावलाही जाऊन आली.

उलट बाजूही बघा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात, आजच्या एफटीआयआयमध्ये, नायट्रेट फिल्मची जुनी रिळं आगीत जळाली. जे एकाच जागी एकच होतं, ते गेलं.

तेव्हा फायनल फिल्म तयार झाली की प्रॉक्सी खुशाल डिलीट करा, त्या केव्हाही पुन्हा बनतात. पण मूळ फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक मित्राच्या घरी. फोल्डरला ‘न्यू फोल्डर ३’ असलं नाव नको. गाव, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, आणि त्यांनी हे दाखवायला हो म्हटलंय की नाही, तेही लिहा.

एप्रिलमध्ये ट्रक परत येईल. मावशी विचारतील, ‘काय रं, त्या दिवशीचं काय केलंस?’ तेव्हा ‘लॅपटॉप हँग झाला’ हे उत्तर त्यांना देऊ नका. त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांना त्यांची फिल्म दाखवा. स्पर्धेचा निकाल काहीही लागो, पहिला प्रेक्षक त्यांचा मान आहे.