चष्म्यातली चकाकी, डोळ्यातली चमक

लग्नाचा अल्बम उघडला की चष्मेवाल्या काका-मामांच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग हमखास सापडतात. त्यावर बरेच फोटोग्राफर एकच उपाय सांगतात: चष्मा काढा. मला तो मान्य नाही. वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्याच्या चेहऱ्यात चष्मा मुरलेला असतो. तो उतरवला की नाकावरचे वळ उघडे पडतात, नजर बावरते आणि फोटोत कुणी परकाच माणूस येतो. अमेरिकेच्या पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोंत नोव्हेंबर २०१६पासून चष्म्याला मनाई आहे, तिथे इलाज नाही. घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोत मात्र चष्मा हवाच.

साध्या भिंगावर समोरून प्रकाश पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. दोन पृष्ठभागांचे मिळून जवळपास ८ टक्के. मोठ्या नंबरसाठी देतात त्या पातळ, १.६७ अपवर्तनांकाच्या भिंगात हाच आकडा १२ टक्क्यांजवळ जातो. ऐकायला थोडा वाटतो, पण दिवा चेहऱ्यापेक्षा कितीतरी प्रखर असल्याने डोळा झाकायला तेवढा पुरतो.

हा दिवा भिंगात दिसेल की नाही, हे भूमिती ठरवते. भिंगाची पुढची बाजू गाडीच्या साइड आरशासारखी बाहेर फुगलेली असते, म्हणून ती समोरचा बराच मोठा परिसर टिपते. पाच सेंटिमीटर रुंद भिंगाची वक्रता त्रिज्या ९ सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर कॅमेऱ्याच्या डावी-उजवीकडे साधारण ३३ अंशांपर्यंतचा दिवा त्यात उमटतो. वरच्या दिशेला मात्र गणित आपल्या बाजूने आहे. भिंगाची उंची रुंदीपेक्षा कमी असते आणि त्याचा खालचा काठ गालाकडे झुकलेला असतो, म्हणजे हा आरसा मुळातच थोडा खाली बघतो. शिवाय आरसा एक अंश कलला की परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणून दिवा बाजूला सरकवण्यापेक्षा वर चढवलेला बरा. चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलल्या किंवा हनुवटी जराशी खाली घेतली, तरी मोठा फरक पडतो. सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी दिव्यावरची कापडी पेटी, मोठा असेल तर त्याचा खालचा काठसुद्धा भिंगाबाहेर जाईल इतका तो उंच हवा.

पण दिवा इतका वर गेल्यावर डोळ्यांतली ती जिवंत चमक हरवणार नाही का? नाही, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. डोळ्याचं पारपटलही बहिर्गोल आरसाच आहे, पण त्याची वक्रता त्रिज्या ८ मिलिमीटरहूनही थोडी कमी. इतक्या फुगीर आरशात समोरचं जवळजवळ सगळं जग मावतं. त्यामुळे ३५ ते ४५ अंशांवरचा दिवा चष्म्यातून बहुधा निसटतो, तरी बुबुळावर टिकून राहतो. त्याहून फार वर नेला तर पापणी त्याला झाकते आणि फ्रेमची सावली डोळ्यांवर पडते.

भिंगावरच्या चकाकी रोखणाऱ्या कोटिंगची मदत होतेच. १९३५मध्ये त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर निर्वातात पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली. १९३८मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर देऊन काचेची चकाकी जवळपास नाहीशी केली. तत्त्व एकच: थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पावपट ठेवली की त्याच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. मात्र एकाच वेळी सगळ्या रंगांना हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून कोटिंगवाल्या चष्म्यात हिरवट किंवा जांभळट झाक उरते. सॉफ्टबॉक्स समोर असेल तर तीही फोटोत येते.

पोलरायझर फिल्टरवर मात्र फार भिस्त ठेवू नये. तो ध्रुवित प्रकाशच अडवतो, आणि काचेवरून परतणारा प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो तो ५६ अंशांच्या आपतन कोनाला; पोर्ट्रेटमध्ये हा कोन बहुधा त्याहून बराच लहान असतो.

उघड्यावर फोटो काढताना आकाश हाच दिवा, आणि तो हलवता येत नाही. तिथे आपणच जागा बदलायची. चष्म्यात उमटतं ते मुख्यतः फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागचं. तेव्हा आपल्या पाठीशी गर्द झाड किंवा सावलीतली उंच भिंत येईल असं उभं राहावं.