पाहुणा गावात थांबतो तेव्हा

रविवारी सकाळी मारुंजीच्या रस्त्याला उभं राहून बघा. गाड्यांची रांग लागलेली असते. मोटारी असतात, फटफट्या असतात. हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला असलेली पोरं-पोरी, पिंपरी-चिंचवडची बिऱ्हाडं, सारी सुट्टी घालवायला निघालेली. बरेचजण कासारसाईच्या धरणाकडं जातात. संध्याकाळी हीच रांग उलटी परत येते.

गावाला काय मिळतं? धूळ मिळते. हॉर्नचा आवाज मिळतो. पाण्याची रिकामी बाटली खाचरात येऊन पडते. त्या माणसांच्या खिशात पैसे असतात, पोटात भूकही असते. पण ती गावात थांबत नाहीत. थांबायला त्यांना काही कारणच नसतं.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव. शेजारी हिंजवडी. जिथं भाताची खाचरं होती तिथं आज उंच इमारती दिसतात. कुणी जमीन विकली, कुणी थोडी राखली. जमिनीचे पैसे एकदाच येतात. घर बांधलं, लेकीचं लग्न केलं, गाडी घेतली, की ते सरतात. मग पोरांनी पुढं काय करायचं, हा सवाल उरतोच. म्हणून आज आम्ही दुसऱ्या एका कमाईविषयी लिहीत आहोत. नवं काही बघायला, हिंडायला येणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणतात. त्याच्या येण्याजाण्यावर जो व्यवसाय चालतो त्याला पर्यटन म्हणतात. शब्द मोठा आहे. आपल्या भाषेत तो पाहुणाच. फरक एवढाच, की हा पाहुणा जाताना पैसे देऊन जातो.

पण हे एखाद्या गावाला जमतं कसं? ते समजायला आपण जरा लांब जाऊ. सातारा जिल्ह्यात.

वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये भिलार नावाचं गाव आहे. लाल माती, थंड हवा, आणि शेतात स्ट्रॉबेरी. स्वातंत्र्यसैनिक भिलारे गुरुजी याच गावचे. महाबळेश्वर आणि पाचगणी ही इंग्रजांच्या वेळेपासून हवा खायची ठिकाणं. दर वर्षी लाखो माणसं तिकडं जातात. भिलार त्या दोन्हींच्या मध्ये असूनही बाजूलाच राहायचं. आपल्या मारुंजीसारखंच. गाड्या जात होत्या, येत होत्या. कुणी थांबलंच तर स्ट्रॉबेरी घ्यायला.

राज्य सरकारच्या मराठी भाषा विभागानं हे गाव निवडलं आणि त्याचं 'पुस्तकांचं गाव' करायचं ठरवलं. २०१७ साली ४ मे रोजी उद्घाटन झालं. पहिल्यानं सुमारे १५ हजार मराठी पुस्तकं आणली. ती ठेवायला मोठी इमारत बांधली नाही. गावातल्याच २५ जागा निवडल्या. कुणाचं घर, कुणाचं लॉज, कुठं शाळा, कुठं देऊळ. चित्रकारांनी येऊन भिंती रंगवल्या. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, कुठं संतांचं साहित्य, कुठं इतिहास, कुठं मुलांची पुस्तकं. बाहेरचा माणूस येतो, खुर्ची ओढून बसतो आणि हवं ते पुस्तक वाचतो. वाचायला पैसे पडत नाहीत.

गावानं घरं उघडून दिली, ही गोष्ट लहान नाही. आपल्या पुढच्या खोलीत अनोळखी माणूस तास दोन तास बसणार, हे कबूल करायला मन मोठं लागतं. आम्हांला तर वाटतं, खरा निर्णय घराघरांतल्या स्वयंपाकघरात झाला असेल. कारण पाहुण्याला पाणी विचारायचं काम शेवटी कुणाकडं येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तुम्ही विचाराल, वाचायला पैसे नाहीत, मग गावाचा फायदा काय?

फायदा इथंच आहे. पुस्तक उघडून बसलेला माणूस लगेच उठत नाही. तासाभरानं त्याला चहा लागतो. दुपारी भूक लागते. पुस्तक संपलं नाही तर तो रात्री राहायला खोली विचारतो. निघताना पोराबाळांसाठी स्ट्रॉबेरी घेतो, जॅमची बाटली घेतो. पुस्तक फुकट आहे, पण त्याच्या निमित्तानं तो थांबला, आणि बाकीचं सगळं थांबण्यातून आलं.

दुसरी एक युक्ती यात आहे. ती आम्हांला फार मोलाची वाटते. समजा, ती सारी पुस्तकं रस्त्यालगत एका मोठ्या दालनात ठेवली असती, तर काय झालं असतं? सगळ्या गाड्या तिथंच लागल्या असत्या. दालनाच्या दारातल्या एका टपरीवाल्याची चांदी झाली असती. बाकीचं गाव कोरडं राहिलं असतं. पण कविता एका आळीत आणि इतिहास दुसऱ्या आळीत, त्यामुळं पाहुण्याला गाव पायी हिंडावं लागतं. तो हिंडतो तेव्हा प्रत्येकाच्या दारावरून जातो. किराणावाल्याच्या, शिंप्याच्या, दूधवाल्याच्या. थोडा थोडा पैसा सगळीकडं सांडत जातो.

अडचणी नाहीत असं समजू नका. त्या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. भिंतींना ओल येते. अशा हवेत कागद सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखंच आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा तर साऱ्या देशातलं हिंडणंफिरणं बंद पडलं. जो गाव निव्वळ पाहुण्यांवर बसतो त्याचे अशा वेळी हाल होतात. भिलारच्या माणसांनी शेती सोडली नव्हती, हे त्यांचं शहाणपण.

पुस्तकांच्या गावाची ही कल्पना मूळची विलायतेतली. तिथं वेल्स नावाचा मुलूख आहे. त्यात वाय नदीच्या काठी 'हे-ऑन-वाय' नावाचं एक छोटं बाजाराचं गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या घरातली. १९६२ साली तिथली आगगाडी बंद झाली. गाडी बंद झाली की अशा गावाचं काय होतं ते सांगायला नको. त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या तरुणानं गावातल्या बंबखान्याच्या जुन्या इमारतीत जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. लोक हसले असतील. पण त्यानं अमेरिकेतल्या बंद पडलेल्या वाचनालयांतून ढीगच्या ढीग पुस्तकं आणवली. एकाची दोन दुकानं झाली, दोनाची चार. त्याचं बघून दुसऱ्यांनीही दुकानं काढली. मग खाणावळी आल्या, राहायच्या खोल्या आल्या.

हा बूथ मोठा वल्ली माणूस. १ एप्रिल १९७७ या दिवशी त्यानं जाहीर केलं, की आमचं गाव आता स्वतंत्र राज्य आहे आणि मी त्याचा राजा! अंगात झगा, डोक्यावर मुकुट. १ एप्रिल हा तिकडं थट्टेचा दिवस. सरकारनंही ते मनावर घेतलं नाही. पण वर्तमानपत्रांत बातमी छापून आली आणि जगभर त्या गावाचं नाव झालं. जाहिरातीला फारसा पैसा लागला नाही. मात्र थट्टेच्या आत एक खरी गोष्ट होती. बूथ म्हणायचा, की मोठमोठी दुकानं बाहेरून येऊन गावातला छोटा दुकानदार गिळतात. १९८८ पासून त्या गावात दर वर्षी पुस्तकांचा मोठा उत्सव भरतो. बूथ २०१९ साली वारला. पुस्तकांची दुकानं आजही तिथं आहेत.

बूथच्या बोलण्यातला हिशेब आपणही करून बघू. समजा, एक कुटुंब गाडीनं गावात आलं आणि हजार रुपये खर्चून गेलं. त्यांनी जर बाटलीतलं थंड पेय, पुडीतले वेफर आणि कारखान्याची बिस्किटं घेतली, तर टपरीवाल्याच्या हाती शंभर-दीडशे रुपये राहतील. बाकीचे जिथून माल आला तिकडं गेले. आता तेच कुटुंब एखाद्या अंगणात पिठलं-भाकरी जेवलं असं धरा. ज्वारी गावच्या गिरणीत दळलेली. भात शेजारच्या खाचरातला. ताक पलीकडच्या गोठ्यातलं. भांडी घासायला गावातलीच बाई. हजारातले बहुतेक रुपये गावातच या हातातून त्या हातात फिरले. संध्याकाळी त्यातलेच काही किराणा दुकानात आले. पाहुणे तेवढेच आणि पैसेही तेवढेच, पण गावाच्या पदरात पडलं ते वेगळं.

लोणावळ्याची चिक्की आठवा. घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. शेंगदाणा आणि गूळ, दोन्ही साधे, आपल्याच मुलखातले. त्यांची मिठाई लोणावळ्याच्या नावानं गाजली. आज लोणावळ्याहून रिकाम्या हातानं घरी गेलेल्या माणसाला घरचे विचारतात, "चिक्की कुठाय?"

सगळीकडं चांगलंच होतं असं नाही. मागं आम्ही एका गावी गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथं धबधबा आहे. कुणीतरी त्याचं चित्र फोनवर सगळीकडं पाठवलं आणि पुढच्या पावसाळ्यात गर्दी लोटली. गावानं आधी काहीच ठरवलं नव्हतं. गाड्या लोकांच्या बांधावर लागल्या. बायांसाठी आडोसा नव्हता. दारू पिऊन पोरं पाण्यात उतरली. एक चहावाला दहा रुपये सांगायचा, दुसरा तीस. शेवटी गावकऱ्यांनीच वाट अडवली. आमचीही गाडी त्यांनी परत लावली, आणि त्यांचा राग बरोबर होता.

म्हणून पाहुणे यायच्या आधी ग्रामसभेत चार गोष्टी बोलून घ्याव्या लागतात. गाड्या कुठं लागतील. संडास कुठं, आणि तो रोज कोण धुणार. कचरा कोण उचलणार. जेवणाचा दर काय, तो पाटीवर लिहिलेला असावा. धरणाच्या, ओढ्याच्या काठी 'इथं पाण्यात उतरू नये' असा फलक मोठ्या अक्षरांत हवा. ही कामं दिसायला क्षुल्लक. पण परत येणारा पाहुणा याच गोष्टी लक्षात ठेवतो.

मग मारुंजीसारख्या गावानं दाखवायचं काय? आमच्याकडं किल्ला नाही, धबधबा नाही, असं पुष्कळजण म्हणतात. अहो, भिलारला तरी पुस्तकं कुठं होती! बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ साली शेतीचंच पर्यटन सुरू झालं. शहरातली मुलं तिथं बैलगाडीत बसतात, गाईचं दूध काढताना बघतात. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला लोक मोर बघायला जातात आणि शेतकऱ्याच्या घरी जेवतात. मुळशी-मावळात इंद्रायणी भात पिकतो. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला. त्याचा वास आणि चव शहरातल्या माणसाला हवी असते. हिंजवडीतल्या इमारतींत राहणाऱ्या कितीतरी मुलांनी भाताची लावणी कधी पाहिलेली नाही. ज्यांनी एखादं खाचर राखलं आहे, त्यांच्याकडं जुलैच्या चिखलात ही मुलं आईबापांसह आनंदानं उतरतील. मागाहून गरम भात आणि आमटी वाढली तर पैसे देताना कुणी कुरकुरणार नाही. घरी जाताना पाच किलो तांदूळही नेतील.

सरकारी वाटही आहे. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. शेतकऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी केली की त्याला प्रमाणपत्र मिळतं. राहत्या घरातली खोली पाहुण्यांना द्यायची असेल, तर 'निवास व न्याहारी' योजना आहे. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न व औषध प्रशासनाकडं नोंद करावी लागते. बचत गटाच्या बायांनी एकत्र नोंद केली तर धावपळ वाटून घेता येते. अर्ज ग्रामसेवकाकडून समजून घ्यावेत. आता तर तुम्हांला स्वतःलाही वाचता येतात. सही करण्याआधी पूर्ण वाचा.

पण अर्जाच्या आधी एक काम करा. त्याला एक वही आणि पेन्सिल पुरते. पुढच्या रविवारी सकाळी सात ते अकरा रस्त्याच्या कडेला सावलीत बसा. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात किती गाड्या गेल्या ते लिहा. दुसऱ्यात किती थांबल्या ते लिहा. तिसऱ्यात, जे थांबले त्यांनी काय विचारलं ते लिहा. चहा विचारला, पाणी विचारलं, वाट विचारली, की ताजी भाजी विचारली. असे चार रविवार झाले की ती वही घेऊन ग्रामसभेला जा आणि तिसरा रकाना मोठ्यानं वाचून दाखवा.