काटा थांबला तरी दोरा बघा

मंडळी, मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, कोकणात १ जून ते ३१ जुलै. उदयनगरकडची नर्मदा असो की मालवणचा समुद्र, या दोन महिन्यांत जाळं ओढणं थांबतं, जेवण मात्र तेवढंच. मग पोट सुटतं.

वजन उतरवायला घेतलं की पहिले काही आठवडे काटा भराभर खाली येतो, कारण शरीरातलं पाणीही जातं. नंतर तो अडतो, आणि इथंच बरेच जण सोडून देतात. पण रिकामी होडी कमी डिझेल खाते, तसंच हलक्या शरीराला खाणं कमी पुरतं. म्हणून वेग मंदावतो, मेहनत वाया जात नाही.

रोज वजन करू नका. मीठ-पाण्यानंही किलोभर फरक दिसतो. आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा. शिवाय जाळ्याचा दोरा कंबरेला गुंडाळून गाठ मारा. महिन्यानं दुसरी गाठ मारा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत बरी.

लातूरला शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं महाराष्ट्रात घरोघर पोचवलं. पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

१०० किलोंतले ५ उतरले तरी साखर-बीपीला फरक पडतो. तेवढ्यावरही घरच्यांसोबत खूश व्हा. बंदी उठल्यावर जाळं ओढताना दम कमी लागला, तर तीही कमाईच!